पारबतीच्या बाजूने

दोन मुलं शाळा बुडवून एका घरी जातात. घर त्यांच्यातल्याच एकाचं. आई गुरुवारी घरी नसते, हे त्याला पक्कं माहीत असतं आणि बाजूचं दारही उघडं असतं. तो मित्राला हौसेने घर दाखवतो. नुकतीच बांधलेली शेकोटी, कुबट वासाचं तळघर, कुठे गळणारं छत, वडिलांचा नाण्यांचा संग्रह, रंगीत टीव्ही. गोष्ट एवढीच. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या रिचर्ड अँडरसन आणि जेम्स पिचर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी ती विद्यार्थ्यांना वाचायला दिली आणि देताना एक सूचना केली. काहींना सांगितलं, हे घर आपल्याला विकत घ्यायचंय असं समजून वाचा. बाकीच्यांना सांगितलं, आपण चोर आहोत असं समजून वाचा.

वाचून झाल्यावर आठवेल ते लिहायला सांगितलं. घर घेणाऱ्यांना गळकं छत आठवलं, चोरांना नाणी आठवली. यात नवल काहीच नाही. नवल पुढे आहे. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी थोड्या वेळाने काही जणांची भूमिका बदलली. मघाचा चोर आता गिऱ्हाईक झाला आणि मघाचं गिऱ्हाईक चोर. गोष्ट पुन्हा वाचायला न देता त्यांना परत एकदा आठवायला लावलं. तेव्हा पहिल्या खेपेला ज्या गोष्टी कागदावर उतरल्याच नव्हत्या, त्यांतल्या काही आता उतरल्या. म्हणजे त्या डोक्यात शिरल्या होत्या. त्यांना बाहेर यायला निमित्त मिळालं नव्हतं.

ती गोष्ट होती जेमतेम पान-दीड पानाची आणि भूमिका बदलायला लागली काही मिनिटं. आता तिच्या जागी तरुणपणी जीव लावून वाचलेली कादंबरी घ्या आणि मध्ये तीस वर्षं जाऊ द्या. इथे भूमिका बदलायला कोणी प्राध्यापक लागत नाही. मुलगा होता तो बाप होतो, सून होती ती सासू होते, कर्ज म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नव्हतं त्याच्या नावावर सोसायटीचं कर्ज चढतं. मग तीच कादंबरी उघडली की तिच्यात आधी नसलेली माणसं दिसायला लागतात. ती आधीही होतीच. आपण त्यांच्या बाजूला बसलेलो नव्हतो.

एका शिंप्याचं घर

याचं उदाहरण शोधायला धाराशिव जिल्ह्याबाहेर जायला नको. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ साली आली. बोराड्यांचा जन्म १९४० सालचा, काटगावचा. हे गाव आज लातूर जिल्ह्यात मोडतं. पण १९८२ साली लातूर वेगळं होईपर्यंत हा सगळा मुलूख उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, जिल्हाच होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये बोराडे गेले, तेव्हा ‘पाचोळा’ची पन्नाशी उलटून गेली होती. म्हणजे ज्यांनी ती कॉलेजात वाचली, त्यांतले पहिले वाचक आता सत्तरीत आहेत.

कथानक चार ओळींत सांगता येतं. गावात गंगाराम नावाचा शिंपी आहे. त्याची बायको पारबती. दोघांचा मुलगा. गावात दुसरा शिंपी येऊन दुकान थाटतो, गिऱ्हाईक तिकडे वळू लागतं आणि गंगारामचा स्वाभिमान, त्याचा हट्ट, गावातल्या माणसांचे रागलोभ या सगळ्यांत मिळून एका घराची वाताहत होते. पण चार ओळींत न सांगता येणारी गोष्ट म्हणजे ही सगळी हकिगत पारबती सांगते आणि ती आपल्या बोलीत सांगते. तोवरच्या बहुतेक ग्रामीण कथा-कादंबऱ्यांत पात्रं बोलीत बोलत आणि लेखक प्रमाण भाषेत. ‘पाचोळा’त लेखकाचा वेगळा आवाज नाहीच. उस्मानाबाद-लातूरकडची एक संसारी बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलते आणि आपण ऐकतो.

विशीतल्या वाचकाला पहिला धक्का या भाषेचाच बसायचा. शाळेत ‘ण’ला ‘न’ म्हटलं की शेजारचा हसायचा. तसंच बोलणं इथे छापून आलेलं, तेही विनोदासाठी नव्हे. आपली आई, आपली चुलती ज्या भाषेत बोलतात ती भाषा पुस्तकाची असू शकते, हा शोध एवढा मोठा होता, की पुष्कळांचं पहिलं वाचन त्या आनंदातच संपलं. त्यापलीकडे कथेतलं जे लक्षात राहिलं, ते साधारण असं : बाहेरून आलेला शिंपी वाईट, गाव बेइमान, गंगाराम ताठ कण्याचा. तरुण वाचकाला ताठ कणा फार आवडतो. मोडेन पण वाकणार नाही म्हणणारा माणूस त्याला आपला वाटतो, कारण त्याच्या स्वतःवर वाकायची वेळ अजून आलेली नसते.

पन्नाशीत तीच पानं उलटली की प्रश्न बदलतो. गंगाराम ताठ राहिला, ठीक. पण त्या ताठ राहण्याची किंमत कोणी मोजली? चुलीवर काय शिजवायचं, मुलाचं काय करायचं, उद्या कोणाच्या दारात जायचं, हे कोणी ठरवलं? उत्तर पानापानावर आहे, कारण सांगणारीच ती आहे. विशीत आपण तिच्या डोळ्यांनी गंगारामकडे पाहत होतो आणि डोळे कोणाचे आहेत हे विसरलो होतो. आता तिचं सांगणं ऐकू येतं. नवऱ्याचा अभिमान तिला कळतो, तो ती मोडू पाहत नाही, पण त्याचं ओझं तिच्याच डोक्यावर आहे. गंगारामच्या बाजूने वाचली तर ही स्वाभिमानाची कादंबरी आहे. पारबतीच्या बाजूने वाचली तर स्वाभिमानाचा खर्च कोणाच्या नावावर पडतो, याची.

आणखीही एक गोष्ट दुसऱ्या वाचनात वर येते. ती म्हणजे धंदा. कादंबरीतला दुसरा शिंपी पहिल्या वाचनात खलनायक वाटला होता. मधल्या वर्षांत वाचकाने स्वतःच्या गावात काय पाहिलं? धाराशिव, कळंब, उमरगा, कुठल्याही बाजारपेठेत तयार कपड्यांची दुकानं आली. लग्नाचा बस्ता बांधायला सोलापूरला जाणारी माणसं तयार शर्ट-पँट घेऊन येऊ लागली. गावचे शिंपी शाळेच्या गणवेशावर, ब्लाउजवर आणि दुरुस्तीवर येऊन ठेपले. यात कोणी एक माणूस दुष्ट नव्हता. गिऱ्हाईक म्हणून आपण स्वतःही त्यात होतो. ही जाण घेऊन ‘पाचोळा’ वाचणाऱ्याला तो दुसरा शिंपी पोट भरायला आलेला माणूस दिसतो आणि गाव बेइमान न दिसता बदलणारं दिसतं. कथेतलं दुःख त्यामुळे कमी होत नाही. राग कोणावर काढायचा हे मात्र कळेनासं होतं आणि तीच प्रौढ वाचनाची खूण आहे.

आठवणीतली आवृत्ती

इथे कोणी म्हणेल, मला ती कादंबरी चांगली आठवते, पुन्हा वाचायची गरज काय? गरज आहे. आपल्याला आठवते ती कादंबरी आणि कपाटातली कादंबरी या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली स्मरणावरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक भुतांच्या लढाईची लोककथा वाचायला दिली आणि मग कधी काही मिनिटांनी, कधी काही महिन्यांनी ती आठवून लिहायला लावली. दर खेपेला कथा आखूड होत गेली. अनोळखी तपशील गळाले. जे विचित्र वाटलं ते वाचकाने आपल्या ओळखीचं करून घेतलं. गोष्टीतली लांब होडी साधी बोट झाली. कोणी मुद्दाम बदल करत नव्हतं. स्मरण म्हणजे कपाटातून वस्तू काढणं नसून हाताशी असलेल्या सामानातून ती दर वेळी नव्याने बांधणं आहे, हा बार्टलेट यांचा निष्कर्ष होता.

तरुणपणी वाचलेल्या कादंबरीचं हेच होतं. आपण तिचा मनात एक संक्षेप केलेला असतो आणि तो अठरा वर्षांच्या संपादकाने केलेला असतो. त्याला जे नको होतं ते त्याने काढून टाकलं. बापाच्या तोंडची लांबलचक वाक्यं गेली, हिशेबाची पानं गेली, म्हातारीचं आजारपण गेलं. प्रेम, भांडण आणि मरण राहिलं.

तरीही तीच पुस्तकं एवढी घट्ट का धरून बसतात? माणसाला आयुष्यातल्या कुठल्या काळातल्या आठवणी जास्त येतात याचा आलेख काढला, तर साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या भागाला उंचवटा येतो. हे अनेक अभ्यासांत दिसलंय. नेदरलँड्समधल्या स्टीव्ह यान्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली लोकांना आपली आवडती तीन पुस्तकं, तीन चित्रपट आणि तीन संगीत-ध्वनिमुद्रिका विचारल्या आणि प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा कधी भेटली तेही विचारलं. तिन्हींत तरुणपणाचा उंचवटा दिसला. सगळ्यांत मोठा संगीतात. पुस्तकांच्या बाबतीत मात्र अलीकडे वाचलेल्यांचा वाटाही मोठा निघाला. त्यांनी दिलेलं कारण आपल्या उपयोगाचं आहे. आवडतं गाणं माणूस असंख्य वेळा ऐकतो, चित्रपट अनेकदा पाहतो. पुस्तक मात्र दोन-तीनदाच वाचून होतं.

म्हणजे लाडक्या गाण्याची आपली आठवण सतत ताजी होत असते. लाडक्या कादंबरीची तशी होत नाही. आयुष्यभर आपण तिचं नाव घेतो, पोराबाळांना ती वाचायला सांगतो, कोणी आवडती कादंबरी विचारली तर तिचंच नाव सांगतो. आणि बोलत असतो त्या जुन्या संक्षेपाबद्दल.

पुण्याची गाडी

या जिल्ह्यातल्या कित्येकांच्या बाबतीत कादंबरीचं वय आणि गाव सोडण्याचं वय एकच होतं. दहावी-बारावीनंतर कोणी लातूरला, कोणी सोलापूरला, कोणी औरंगाबादला, कोणी थेट पुण्याला गेलं. त्या वयात हाती पडलेलं पुस्तक त्या स्थलांतराला चिकटून राहतं. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ अशा मुलांच्या हाती पडली, तेव्हा काय झालं असेल, हे समजायला फार कल्पना लढवावी लागत नाही. १९६३ साली ही कादंबरी आली तेव्हा नेमाडे पंचविशीचे होते. नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावातून पुण्याला शिकायला जातो, तिथल्या कशातच बसत नाही आणि शेवटी गावी परततो. खानदेशच्या जागी मराठवाडा घातला की वाचणाऱ्याला ती आपलीच गोष्ट वाटायची. होस्टेल, मेस, उधळपट्टी, परीक्षा, शहरी मुलांपुढचा बुजरेपणा आणि तो लपवायला घेतलेला तिरकसपणा. पांडुरंगचं आणि त्याच्या वडिलांचं जमत नाही, यात तर काही सांगायलाच नको. विशीत कोणाचं जमतं?

समजा, तेव्हाचा तो मुलगा आज वाशीला किंवा भूमला शिक्षक आहे आणि त्याची मुलगी पुण्यात शिकते. दर महिन्याला तो तिच्या खात्यावर पैसे टाकतो. आता तो ‘कोसला’ उघडतो. पैशांच्या उल्लेखांवर त्याची नजर अडखळते. पोरगा पैसे कसे उडवतोय हे वाचताना त्याला पूर्वीसारखं हसू येत नाही. वडील तिकडे काय विचार करत असतील, असं त्याच्या मनात येतं. आणि कादंबरी तर वडिलांच्या मनात कुठे डोकावतच नाही, सगळं पांडुरंगच सांगतो. मग धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचं प्रकरण येतं. पहिल्या वाचनात तिथे तो पांडुरंगसाठी रडला होता. आता त्या घरातल्या आईबापांना काय झालं असेल, याने त्याच्या पोटात कालवतं.

यात ‘कोसला’ वाईट ठरत नाही. उलट मुलाच्या तोंडून सांगितलेल्या कादंबरीत बाप इतका उरतो, की तीस वर्षांनी आलेल्या वाचकाला तो शोधून काढता येतो. तरुण लेखकाने स्वतःच्या बाजूने लिहिलं खरं; समोरच्या बाजूचा पुरावा मात्र नष्ट केला नाही.

याच जिल्ह्यातली अशीच एक छोटी गोष्ट महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी शाळेत वाचलीय. कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’. बापाबरोबर बाजारात टोमॅटो विकायला बसलेला शाळकरी मुलगा ती सांगतो. भाव पडलेला, गिऱ्हाईक घासाघीस करणारं, आणि शेवटी बाप टोमॅटो ओतून पायाखाली तुडवतो. वर्गात ती वाचताना आपण त्या मुलाबरोबर बसलेलो होतो आणि बापाचा अवतार बघून घाबरलो होतो. पुढे ज्याने स्वतः कांद्याची पट्टी हातात घेऊन गाडीभाड्याचा हिशेब केलाय, त्याने ती पुन्हा वाचावी. त्याला भीती वाटणार नाही. बापाने इतका वेळ धीर कसा धरला, याचं त्याला आश्चर्य वाटेल.

एकाच पुस्तकात सहा जागा

काही कादंबऱ्यांनी बाजू बदलून पाहायची ही सोय स्वतःच करून ठेवली आहे. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाची कथा सहा जण सांगतात : स्वतः कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. मराठवाड्यातल्या किती घरांत आणि किती कॉलेजांच्या वसतिगृहांत ही जाडजूड कादंबरी हातोहात फिरली असेल! सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला तिच्यात एकच आवाज ऐकू येतो, कर्णाचा. गुण असून मान नाही, जन्मावरून हिणवलं जातं, मित्र एवढाच आधार. त्या वयात प्रत्येक जण मनातल्या मनात थोडा कर्ण असतो. कुंतीचं प्रकरण तो लवकर उरकतो, कारण त्याच्या लेखी ती गुन्हेगार आहे.

चाळिशीनंतर वाचक, आणि विशेषतः वाचणारी बाई, कुंतीच्या प्रकरणावर रेंगाळते. न विचारता आलेलं मातृत्व, लोकलाज, आयुष्यभर तोंड मिटून बाळगलेलं एक नाव. आणि मग एक प्रश्न पडतो, जो कॉलेजात पडला नव्हता : सहा जणांना बोलू दिलं, मग द्रौपदीला का नाही? कर्णाचा न्याय करायचा तर भर सभेत जिची विटंबना झाली तिची साक्ष नको? हा प्रश्न पडणं म्हणजे कादंबरीवरचं प्रेम आटणं नव्हे. आपण पुस्तकात मोकळेपणी फिरायला लागलो आणि कोणती खोली बांधलेलीच नाही हे आपल्या लक्षात आलं, इतकंच.

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ तर याच विषयावर आहे म्हटलं तरी चालेल. १९५९ची ही कादंबरी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने सांगतात. तिच्यासाठी खांडेकरांना १९७४चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, मराठीला मिळालेला तो पहिलाच. म्हातारपणाचा शाप मिळालेला बाप मुलाकडे त्याचं तारुण्य मागतो, ही महाभारतातलीच गोष्ट. सतराव्या वर्षी वाचताना आपण तारुण्य देऊ शकणाऱ्यांच्या बाजूला असतो आणि मागणाऱ्याची किळस येते. साठीत वाचताना गुडघे दुखत असतात आणि ती मागणी किती स्वाभाविक आहे हे कळून स्वतःचीच थोडी लाज वाटते. दोन्ही वेळा कादंबरी आपल्याला पकडते, पण वेगवेगळ्या जागी.

पोथीची रीत

गंमत अशी, की एकच ग्रंथ पुन्हा पुन्हा वाचायची सवय आपल्या गावांना नवी नाही. श्रावणात ‘पांडवप्रताप’, ‘हरिविजय’ लागतो, सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं. मागच्या वर्षी वाचली होती, मग यंदा कशाला, असं कोणी म्हणत नाही. पोथी ऐकणारं पोर पुढच्या श्रावणात एका वर्षाने मोठं झालेलं असतं, पंधरा श्रावणांनी लग्नाचं होतं, चाळीस श्रावणांनी आजोबा होतं. पोथी तीच, ओव्या त्याच. कोणाला काय ऐकू येतं ते मात्र दर वर्षी सरकत जातं.

तेरचे गोरोबाकाका घ्या. धाराशिवपासून जवळच तेरला त्यांची समाधी आहे. विठ्ठलाच्या नामात दंग होऊन ते चिखल तुडवत होते, रांगत आलेलं त्यांचं मूल त्यात तुडवलं गेलं, तरी त्यांना भान नव्हतं, ही कथा या भागातल्या प्रत्येक मुलाने कीर्तनात ऐकलेली असते. लहानपणी ती भक्तीची आणि चमत्काराची गोष्ट असते. मूल पुढे विठ्ठलकृपेने जिवंत होणार हे माहीत असतं. ज्या बाईच्या मांडीवर स्वतःचं लेकरू आहे, ती हीच कथा ऐकताना पाणी आणायला गेलेल्या गोरोबांच्या बायकोबरोबर घरी परतते. कीर्तनकाराने एक शब्दही बदललेला नसतो.

शेवट माहीत असलेली गोष्ट पुन्हा ऐकण्यात गोडी राहते का, हा प्रश्न पाश्चात्त्य अभ्यासकांनाही पडला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी २०११ साली बारा लघुकथा घेऊन प्रयोग केला. त्यात शेवट आधीच सांगितलेल्या वाचकांना कथा उलट जास्त आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत याच्या उलट निष्कर्षही निघाले, म्हणून एवढ्यावरून नियम करता येत नाही. पण शेवटाची घाई संपली, की लक्ष दुसरीकडे जायला मोकळं होतं, हे पोथी ऐकणाऱ्याला आधीपासून माहीत आहे. कादंबरीच्या बाबतीत आपण ही रीत लावली नाही. पोथी सगळ्यांनी मिळून, ठरलेल्या महिन्यात ऐकायची असते. कादंबरी एकट्याने वाचायची असते, आणि वाचून झाली की ती दुसऱ्याला द्यायची असते. पुन्हा वाचायची वेळ पंचांगात लिहिलेली नसल्यामुळे ती वेळ येतच नाही.

गावही बदललेलं असतं

वाचकाच्या वयाबरोबर आणखी एक गोष्ट बदलते : पुस्तकाबाहेरचं जग. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चार वाजायच्या सुमाराला झालेल्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. किल्लारीचं नाव जगभर झालं. उस्मानाबादच्या बाजूला सास्तूर आणि आसपासच्या गावांनी तेच भोगलं. हजारो माणसं गेली, कारण झोपेत अंगावर आली ती दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर माळवद असलेली घरं. नंतर गावं नव्या जागी वसवली गेली, आखीव रस्त्यांची, सुट्या घरांची.

१९९३च्या आधी या भागातल्या तरुणाने ग्रामीण कादंबरी वाचली असेल, तर भिंत, ओसरी, माळवद, बोळ या शब्दांवर तो थांबला नसेल. डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीचं वर्णन कोण मन लावून वाचतं? तीच पानं भूकंपानंतर वाचली, की हे शब्द पुढे येतात. माळवदावर धान्य वाळत घातल्याचं साधं वाक्य आता नाहीशा झालेल्या राहणीचा दाखला होतं आणि त्याच वेळी त्या माळवदाचं वजन किती होतं, हेही आठवतं. लेखकाला यातलं काही अभिप्रेत असायचं कारण नव्हतं. काळाने मजकुरात भर घातली.

पुस्तक कमी पडतं तेव्हा

दर वेळी हा अनुभव सुखाचा असेल असं नाही. विशीत ज्या कादंबरीने झोप उडवली ती पन्नाशीत पंचवीस पानांतच खाली ठेवावीशी वाटते, असंही होतं. वाक्यं फुगलेली वाटतात, योगायोग खटकतात, बायका फक्त त्याग करायला आणल्यासारख्या दिसतात. अशा वेळी दोन शक्यता असतात आणि त्या वेगळ्या ओळखायला हव्यात. एक, पुस्तकात बसायला जागाच एक होती. ती तरुणाची होती, आणि आपण तिथून उठलो. दोन, पुस्तक ठीक आहे, आपणच आटलोय. सतराव्या वर्षी रात्रभर जागून वाचण्याची, लेखकाच्या स्वाधीन होण्याची जी ताकद होती ती मोबाइल आणि हप्ते यांच्या मध्ये कुठे तरी गेली. दुसऱ्या कारणासाठी पहिल्यावर खापर फोडणं हा प्रौढ वाचकाचा ठरलेला दोष आहे. तरुणपणाचं वाचन अपुरं असतं, खोटं नसतं. गंगारामचा ताठ कणा खरोखरच त्या कादंबरीत आहे. पारबती कळल्यावर तो नाहीसा होत नाही.

म्हणून पुन्हा वाचायला बसताना एक सोपा उपाय करून पाहावा. पुस्तक उघडण्याआधी, जे आठवतं ते अर्ध्या पानात लिहून काढावं : कोण कोण होतं, काय झालं, कोण चांगलं, कोण वाईट, शेवट काय. मग वाचावं आणि तो कागद शेजारी ठेवावा. बार्टलेट यांचा प्रयोग घरच्या घरी होतो. कागदावर जे नाही आणि पुस्तकात ठळक आहे, त्याच्यावर खूण करावी. मधल्या वर्षांत आपण काय शिकलो, याची ती यादी असते. शक्य झालं तर तेच पुस्तक घरातल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीलाही वाचायला द्यावं आणि मग बोलावं. अँडरसन-पिचर्ट यांना भूमिका वाटून द्याव्या लागल्या होत्या. एका घरात त्या आयत्या मिळतात.

यासाठी पुस्तक मात्र हाताशी लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. जानेवारी २०२० मध्ये ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादला भरलं, पुस्तकांच्या दालनांत गर्दी झाली. संमेलन तीन दिवसांचं असतं. वर्षभर पुस्तक पुरवायचं काम करतात ती १९६७च्या कायद्याने मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांतली गावोगावची सार्वजनिक वाचनालयं. त्यांना नवी पुस्तकं घ्यावी लागतात, जागा अपुरी असते, म्हणून जुनी, फाटकी पुस्तकं यादी करून निर्लेखित केली जातात. त्या यादीत बहुधा तीच नावं असतात जी एके काळी सर्वाधिक हातांतून गेली, कारण फाटतात तीच. प्रत फाटली म्हणून काढावी लागली, तर त्याच नावाची नवी प्रत त्याच वर्षीच्या खरेदीत घ्यावी, एवढा नियम वाचनालयाच्या समितीने स्वतःला घालून घेतला तरी पुष्कळ होईल. ज्यांनी ‘पाचोळा’ विशीत वाचली ते अजून गावात आहेत, आणि पारबतीने काय सांगितलं होतं हे त्यांतल्या बहुतेकांनी अजून पुरतं ऐकलेलं नाही.